जॅक्सनसाहेबांची दुसरी बाजू

प्रत्येक थोर पुरुषाला दोन बाजू असतात, आणि परीक्षेत दोन्ही बाजूंना सारखेच गुण असतात. हे ज्याला उमगलं तो इतिहासात नापास होत नाही. मला ते फार लवकर उमगलं होतं. म्हणून सखीबायने दिलेला इशारा मी हसण्यावारी नेला. माझ्या लेकीच्या पायांना तेल चोळता चोळता ती म्हणाली होती, "बाय, मोठी माणसं आपल्या भल्याचं बोलाया लागली, का बोचकं बांधून ठेवायचं."

मी एम.ए. (इतिहास) असल्यामुळे तिची समजूत घातली. म्हटलं, "सखीबाय, आता तसं नाही राहिलं. आता आधी चर्चासत्र होतं."

जव्हारहून मोखाड्याकडे जाताना आमचं महाविद्यालय लागतं. (नाव विचारू नये. मी तिथे तासिका तत्त्वावर शिकवते, आणि ते तत्त्व फार नाजूक असतं.) मैदानाला लागून कातकऱ्यांची वाडी. वाडी आधीची, महाविद्यालय नंतरचं. पण नकाशा महाविद्यालयाने आधी काढून घेतला, त्यामुळे वाडीच महाविद्यालयाच्या जागेत आली. सखीबाय त्या वाडीतली. मी वर्गावर असते तेव्हा माझी आठ महिन्यांची लेक तिच्या मांडीवर असते. असते म्हणजे, असायची.

चर्चासत्राचा विषय ठरवायला बैठकांवर बैठका झाल्या. विषय वादग्रस्त हवा, असा वरून आग्रह होता. त्यावर वाद होऊ नये, असा आतून होता. आपल्याकडचा कुठलाही थोर पुरुष घेतला तरी त्याचा कोणी ना कोणी नातेवाईक खोडाळ्याच्या बाजारात भेटतोच. शेवटी विभागप्रमुख प्रमिला मॅडमनी अमेरिकेचे सातवे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन सुचवले. त्यांची पालघर जिल्ह्यात भावकी नाही. एकमताने मंजूर.

वाचत गेले तसा मला जॅक्सनसाहेबांबद्दल आदर वाटू लागला. सामान्य माणसाचा कैवारी म्हणून ते निवडून आले. (सामान्य माणूस कोण, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. ते दुसऱ्यावर सोडलं की घोळ होतो.) शपथविधीला इतके सामान्य लोक लोटले की अध्यक्षांच्या घरातली काचेची भांडी फुटली. वीस डॉलरच्या नोटेवर त्यांचं चित्र आहे. हे झाले गुण. दोष असे, की त्यांच्या शेतावर गुलाम राबत होते, आणि तिथल्या मूळ रहिवाशांना जमिनींवरून उठवून दूर पश्चिमेला धाडायचा कायदा त्यांनी केला. त्या वाटेवर थंडीने, उपासाने, आजाराने हजारो माणसं मेली.

"भावनेच्या भरात जाऊ नका," प्रमिला मॅडमनी सावध केलं. "हेतू बघा."

हेतू बघितला. उत्तम निघाला. त्या लोकांना गोऱ्यांच्या वाईट संगतीपासून लांब, आपल्या रीतीने सुखात राहता यावं, असं साहेबांनी संसदेला कळवलं होतं.

एका मुद्द्यावर मात्र अडलं. साहेबांच्या सैन्याने एक गाव कापून काढलं, तेव्हा मेलेल्या आईजवळ एक तान्हं मूल सापडलं. साहेबांनी ते घरी नेऊन वाढवलं. हे गुणांत घ्यायचं की दोषांत?

"गुणांत," प्राचार्य म्हणाले. "बालसंगोपन."

"पण सर, त्याची आई..."

"आई दोषांत घ्या ना. झाला समतोल!"

मी आई दोषांत घेतली आणि घड्याळ बघितलं. लेकीच्या दुधाची वेळ होत आली होती.

चर्चासत्र यशस्वी झालं. वाचलेले बहुतेक निबंध शब्दशः सारखे होते, त्यामुळे निष्कर्षांत एकवाक्यता आली. चौऱ्याऐंशी टक्के उपस्थितांना साहेब थोर वाटले आणि त्याच चौऱ्याऐंशी टक्क्यांना वादग्रस्त. (उरलेले जेवणाच्या रांगेत लवकर गेले होते.) अंतिम निष्कर्ष: हेतू चांगला, अंमलबजावणीत त्रुटी. टाळ्या.

एवढ्या उंचीचं काम मांडवात उरकावं लागलं, याची खंत प्राचार्यांनी आभारात व्यक्त केली. कायमचं सभागृह हवं होतं. जागा शोधायला फार लांब बघावं लागलं नाही; व्यासपीठावरून ती समोरच दिसत होती.

आता कोणी म्हणेल, तिथे तर वाडी. पण माणसांना विचारल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, हे आम्ही जॅक्सनसाहेबांच्या त्रुटींतूनच शिकलो होतो. म्हणून एक विचारपूस समिती वाडीत गेली. गेली ती माघात. दिवाळी झाली की वाडी भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जाते आणि पाऊस तोंडावर आला की परतते. जाताना दाराला करवंदीची काटेरी फांदी आडवी बांधतात. म्हणजे, आम्ही परत येणार आहोत. समितीने अहवाल दिला: "घरं काट्याकुट्यांत सोडून दिलेली आढळली. हरकत कोणाचीही आली नाही."

एकाच दाराला फांदी नव्हती. तिथे सखीबाय बसली होती. मुलगा देवजी आणि सून भट्टीवर जातात. गुडघ्यांपायी ती मागे राहते.

"आजी, तुम्हाला सूर्यमाळच्या अंगाला पत्र्याची खोली देणार," प्राचार्य म्हणाले. "मोकळी हवा. इथे पोरांचा गोंगाट, मोटारसायकली, सगळी वाईट संगत."

"हवा इथं बी मोप हाय. तिथं पाणी हाय का?"

"पाणी प्रस्तावित आहे."

"मंग मी बी प्रस्तावित हाय. ते आधी पोचू दे, मी येतेच मागून."

समिती हसली. इतिवृत्तात नोंद झाली: "रहिवासी येण्यास तयार."

"आन् देवजीला येऊ दे. त्याच्याशी बोला."

नोंद झाली: "कुटुंबाशी बोलणी सुरू."

फाल्गुनात जीप आली. सखीबाय जीपमध्ये चढली, कारण तिला चढवलं. कोंबडी जीपमध्ये मावेना म्हणून महाविद्यालयाच्या ताब्यात राहिली. (तिच्याबद्दलही दोन मतं आहेत, काहींना रस्सा तिखट लागला.) माझ्या कडेवरची लेक सखीबायकडे झेपावत होती. सखीबायने जीपमधूनच हात लांब करून तिचा पाय धरला. "तेल कोमट करून लाव बाय. आन् देवजीला सांग मी कुठं हाय."

"सांगते," मी म्हटलं. देवजीचा फोन तेव्हापासून बंद लागतो.

आता वैशाख आहे. सूर्यमाळच्या त्या अंगाला विहीर आटली आहे. टँकर येतो, कधी येतो, याबद्दल दोन मतं आहेत. झरा खाली दरीत आहे आणि सखीबायचे गुडघे वर खोलीत. माझी लेक आठवडाभर जुलाबाने हैराण आहे, तिचे बाबा ठाण्याला नोकरीवर, त्यामुळे मला जाता आलं नाही. वडापच्या जीपवाल्या पंढरीला मी दोनदा बघायला सांगितलं.

"दार लोटलेलं होतं, मॅडम," तो म्हणाला. "हाक मारली. गाडीत शिटा होत्या, थांबलो नाय."

"आतून आवाज?"

"गाडी चालू होती ना मॅडम. काय ऐकू येणार?"

दुसऱ्या खेपेलाही गाडी चालूच होती.

प्राचार्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "मॅडम, एका व्यक्तीवरून निष्कर्ष काढू नका." परवा भूमिपूजन आहे. नव्या सभागृहातल्या पहिल्या चर्चासत्राचा विषयही ठरला आहे: "विस्थापन: एक समतोल दृष्टिकोन." बीजभाषण प्रमिला मॅडम करतील. आईच्या मायेने बोलतात त्या.

हे सगळं वाचताना, "पण मुलांना सभागृहही हवंच की," असं तुमच्या मनात एकदा तरी येऊन गेलं असेल. शाबास. त्याचा गुण मी तुम्हाला दिला आहे. तुम्ही उत्तीर्ण आहात. आता तुमच्यापैकी कोणी सूर्यमाळकडे जाणार असेल, तर वरच्या पाड्याच्या पुढे, पळसाच्या अंगाला पत्र्याची एकटी खोली आहे. पाणी घेऊन जा. गाडी बंद करा. दार लोटलेलं दिसलं तर बाहेरून हाक मारून परत फिरू नका.

आत जा.