सोफा गेला, मी राहिलो

बायको मुलीच्या बाळंतपणाला समुद्रापलीकडे गेली, ती तिथलीच झाली. बाळ रांगायला लागलं तरी हिचं 'येते हो' संपेना. इकडे घर मला खायला उठायचं. (मला मात्र घरात खायला काही नसायचं.) अशात एकदा तिचा फोन आला, "अहो, माझी शाल आणि गुडघ्यांचं तेल पाठवाल?"

मी माल पाठवणाऱ्या कंपनीतला कारकून. तिथे हल्ली सगळं एक एआय एजंट बघतो, त्याला आम्ही 'तत्पर' म्हणतो. ट्रक बोलावणं, कंटेनर भरणं, जहाजात जागा धरणं, सगळं त्याच्याकडे. फक्त जे एकदा केलं की परत फिरवता येत नाही, त्याआधी तो थांबतो आणि माणसाची मंजुरी मागतो. तो माणूस म्हणजे मी. दिवसभर 'मंजूर' दाबणं ही माझी नोकरी. (घरीही तेच करत आलोय, बिनपगारी.)

तत्परला मी लिहिलं, 'बायकोचं सामान मुलीकडे पाठव.' शाल आणि तेल असं लिहायचा कंटाळा केला. त्यानं विचारलं, "प्रत्येक टप्प्याला मंजुरी घेऊ का?" एका शालीसाठी कसली आलीय मंजुरी! 'विचारू नकोस' असं लिहून मी चहा प्यायला गेलो.

संध्याकाळी घरी येऊन खोकलो, तर घरही खोकलं. सोफा नाही, कपाट नाही, पलंग नाही. शेजारच्या काकू आमची किल्ली परत द्यायला आल्या.

"हमालांनी कागद दाखवला, म्हणून मी दार उघडलं. वाटलं, तुम्हीही चाललात."

"मी कुठे जाणार, काकू?"

"मीही तेच म्हटलं. तुम्हाला कोण बोलावणार!"

तत्परचं काही चुकलं नव्हतं. घरातल्या प्रत्येक वस्तूचं बिल हिच्या नावावर, कारण खरेदी म्हटली की मी काखा वर करायचो. माझ्या नावावर एक प्लास्टिकची खुर्ची निघाली. 'थांबव!' असं मी लिहिलं. उत्तर आलं, "कंटेनर जहाजावर चढला आहे. आता उतरवता येत नाही."

भीत भीत हिला फोन लावला.

"शाल निघाली का?"

"निघाली. कपाटात आहे."

"मग काढा की कपाटातून!"

"कपाटही निघालंय. पलंगसुद्धा."

ती हळूच म्हणाली, "मी परत येऊ नये, असं ठरवलंत का हो?"

उभ्या संसारात जे बोललो नव्हतो, ते बोलून टाकलं, "अगं, तुझ्यावाचून मला करमत नाही." रिकाम्या खोलीत आवाज घुमला आणि तिला ते दोनदा ऐकू गेलं. "मला सांगताय की भिंतीला?" असं म्हणाली खरी, पण फोन लगेच ठेवला नाही.

साहेबांनी माझा 'मंजूर' काढून घेतला. आता परत न फिरणाऱ्या कामाला माल घेणाऱ्याची मंजुरी लागते. मला नियम पटला. सामान पोचल्याचं कळलं, त्या दिवशी मी तत्परला लिहिलं, 'बायकोचा एक नग इथे राहिलाय. नवरा. जुना, पण चालू. पाठव.'

"हे परत फिरवता येणार नाही. त्यांची मंजुरी मागवली आहे," तत्पर म्हणाला.

मी बॅग भरून दाराशी खुर्ची टाकून बसलो. जेवलोही नाही. शेवटी हिचं उत्तर आलं:

'नामंजूर. तुमचा सोफा आल्यापासून इथे पाय ठेवायला जागा नाही. नग गोदामातच असू द्या.'