सासऱ्यांच्या गाडीचं चार्जिंग

"मी बघतो," असं मी म्हणालो. चूक झाली ती एवढीच.

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत, एवढं तरी मला कळायला हवं होतं. 'मी बघतो' म्हणून आजवर मी जे जे हाती घेतलं, गळका नळ म्हणू नका, करकरणारं दार म्हणू नका, ते शेवटी दुसऱ्या कोणाला तरी येऊन निस्तरावं लागलंय. (दार आता करकरत नाही. ते बंदच होत नाही.)

झालं असं, की सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे राहायला आले. येताना एक बॅग आणि टेम्पोत घालून आपली जुनी मोटारसायकल घेऊन आले. गाडी माझ्यापेक्षा वयानं मोठी आणि दिसायलाही बरी. ती त्यांनी जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवली, बॅग पलंगाखाली सरकवली आणि खिडकीशी खुर्ची ओढून जे बसले, ते उठेचनात.

"यांना घराबाहेर काढा," डॉक्टर म्हणाले.

बायकोनं बागेचं नाव काढलं. "नको." त्यांच्या जुन्या मित्राकडे जाऊन येऊ म्हणाली. "बघू." शेवटी एक दिवस तिनं फारच पाठ धरली, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गाडी चालू असती तर गेलो असतो."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी ते म्हणालो.

आश्चर्य म्हणजे नवी बॅटरी घातल्यावर दोनचार किकमध्ये गाडी सुरू झाली. मला वाटलं, एवढंच होतं तर! खात्री करावी म्हणून ती घेऊन मी ऑफिसला गेलो. संध्याकाळी निघालो तर दिवा काजव्याएवढा, हॉर्न दिला तर कोणी तरी लांब कण्हल्यासारखा आवाज. अर्ध्या रस्त्यात इंजिनही गप्प. उरलेला रस्ता मी ती ढकलत आणली. (त्या काळी लोखंड स्वस्त असावं. जिथे जागा मिळाली तिथे घातलंय.)

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं समजावून सांगितलं. इंजिन फिरतं, त्याच्यावर डायनामो फिरतो, तो बॅटरी भरतो. तुमची भरत नाही. दिव्याच्या वर एक छोटं मीटर होतं. सुई प्लसकडे गेली की बॅटरी भरतेय, मायनसकडे गेली की रिकामी होतेय. मी मान डोलावली. न वाचता फायली पुढे सरकवताना डोलावतो, तशीच.

त्यानं वाकून, टॉर्च मारून बराच वेळ पाहिलं आणि उठून हात पुसत म्हणाला, "साहेब, यात अर्थ नाही."

मी खचलोच. "असं नका म्हणू हो. सासरे फार आशेवर आहेत."

"असू द्या की."

"काहीच करता येणार नाही?"

"का नाही? वायर घासतो, परत आवळतो."

"कसली वायर?"

"अर्थची. अर्थ नाही म्हणून मघापासून काय सांगतोय?"

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "गाडीत अर्थ नव्हता. आता घातलाय."

"तुमच्या बोलण्यात घालून मिळतो का, ते विचारा," ती म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काजवा, कण्हणं, ढकलणं. मग डायनामोचे ब्रश बदलले. मग कटआउट नावाचा एक डबा बदलला. खरी गंमत अशी, की मेकॅनिक चक्कर मारून आला की सुई प्लसला आणि मी बसलो की मायनसला. डॉक्टरसमोर आजारी पोर उड्या मारतं ना, तसं. "माझ्याकडे तर व्यवस्थित चालते, साहेब," तो म्हणायचा आणि माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच वाटेत थांबून वीज पितो.

रोज संध्याकाळी बॅटरी काढून घरात चार्जरला लावायची, हा माझा नेम झाला. एकदा ती वर आणताना ओघळू नये म्हणून हाताला लागलेल्या टॉवेलात गुंडाळली. टॉवेल बायकोचा, आणि नवा. बॅटरीतलं पाणी हे पाणी नसतं, हे मला सकाळी कळलं. तिनं टॉवेल झटकून दोन्ही हातांनी समोर धरला.

"मला यातून तुम्ही दिसताय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी मात्र थकलो होतो. खांदे भरून आले होते, ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागायचा. सोडून देण्याची सोय नव्हती, कारण खिडकीत एक फरक पडला होता. मी गाडी ढकलत येताना दिसलो की सासरे आता उठून उभे राहायचे. "आज काय म्हणते?" विचारायचे. मी म्हणायचो, "सुधारतेय."

एका रविवारी बॅटरी गच्च भरून मी त्यांना म्हणालो, "चला बाबा." ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. शर्ट बॅगेतला होता. बायको दारातच उभी राहिली. सासरे मागे बसले आणि मी जीव मुठीत धरून निघालो.

"सुई कुठे आहे?" थोड्या वेळानं मागून आवाज आला.

"मायनसला."

"गिअर कितवा?"

"टॉप. पेट्रोल वाचतं."

"या स्पीडला? आणि दिवा का लावलाय? ऊन पडलंय."

"समोरच्याला आपण दिसावं म्हणून."

"ब्रेकवर पाय?"

"तयारी असलेली बरी."

दोन हातांत दोन पिशव्या घेतलेल्या एक बाई फुटपाथवरून चालत आमच्या पुढे निघून गेल्या. सासऱ्यांनी सुस्कारा सोडला.

"जावईबापू, डायनामो जोरात फिरला तरच बॅटरी भरते. तुम्ही त्याला अंगाई म्हणत फिरवताय. वर पुढचा दिवा सुरू, ब्रेकवर पाय म्हणून मागचाही सुरू. ती भरणार कधी? गिअर उतरवा. रेस द्या."

मी दिली. समोर वळण दिसलं, तशी लगेच परत घेतली. गाडीनं एक उचकी दिली आणि बंद पडली.

आम्ही दोघं फुटपाथच्या कडेला बसलो. ते म्हणाले, "तिला बोलवा."

बायको आली. तिनं दिवा बंद केला, चप्पल पायात नीट केली आणि हँडल धरून बसली.

"तुला येते?" मी विचारलं.

"बाबांनीच शिकवलीय. कॉलेजला मी हीच न्यायचे."

"कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलंत कधी? ढकला आता."

ढकलणं एव्हाना माझ्या हातचा मळ होता. गाडी धडधडत सुटली, कोपऱ्यावरून वळून परत आली. सासरे चटकन मागे बसले आणि तिच्या खांद्यावरून वाकून मीटर बघत हसले. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच.

"प्लसला आहे," ते मला म्हणाले. "हिची आई मागे बसली की सारखी म्हणायची, सावकाश. मी कधी ऐकलं नाही."

मग ती दोघं त्यांच्या मित्राकडे गेली आणि मी हेल्मेट घालून चालत घरी आलो. (हातात धरायचं सुचलंच नाही.)

आता रोज संध्याकाळी बापलेक फिरायला जातात. परवा ती दोघं निघत असताना शेजारचे वकील फाटकाशी थांबले.

"झाली वाटतं दुरुस्त," ते मला म्हणाले. "कुठला पार्ट बदललात?"

इतक्या दिवसांनी कोणी तरी मला विचारत होतं. मी घसा खाकरला, डायनामोपासून सुरुवात करणार, तेवढ्यात सासऱ्यांनी हेल्मेटचा पट्टा आवळत सांगून टाकलं, "सीटवरचा."