भोयर सरांच्या चुका

भोयर सर फळ्यावर रोज एक गणित चुकवतात. विसरून नव्हे, ठरवून. आज नेमकं कुठे चुकायचं हे ते सकाळीच चहा पिताना वहीत लिहून ठेवतात. आमच्या आंजी गावच्या शाळेत मी मराठी शिकवतो आणि माझ्या चुका आपोआप होतात, त्यामुळे या मेहनतीचं मला हसू यायचं.

चूक झाली की सर खडू ठेवतात, कपाळ चोळतात आणि म्हणतात, "काऊन जमून नाई राह्यलं बाप्पा?" लगेच वर्ग जागा होतो. गणिताचं वावडं असलेली मागच्या बाकांवरची मंडळीसुद्धा, सरांना पकडता यावं म्हणून घरून पुस्तक वाचून येतात. मुलांचा हुरूप कसा वाढवावा, यावर एकदा आम्हा शिक्षकांचं शिबिर झालं. तिथे दिवसभर टाळ्या वाजवून घेतल्या. सर मागे बसून झोपले होते.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी फळ्यावर सात आठे चोपन्न वाचलं. खुलासा केला तर पोरांना कळेल, म्हणून सरांनी गुमान लेखी माफी दिली.

नववीतल्या प्रणालीपुढे मात्र सरांचं काही चालेना. वहीत सगळं बरोबर, पण वर्गात तोंडाला कुलूप. सरांनी तिच्यासाठी चुका सोप्या करून पाहिल्या, इतरांना गप्प बसवून पाहिलं, पण ती मान खाली घालून बसायची. वर्ष संपलं आणि तिचे वडील शाळेचा दाखला काढून न्यायला आले. पोरीला काही येत नाही, वर्गात ब्र काढत नाही, मग दहावी कशाला, असं त्यांचं म्हणणं.

सरांनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. वडिलांसमोर कागदावर गणित मांडलं, तिसऱ्या ओळीत चुकले आणि थांबले. प्रणाली गप्पच. सरांचा धीर सुटला.

"बेटा, माही चूक दिसत नाई का तुले?"

"दिसते सर. रोज दिसते," ती म्हणाली. "चूक सांगतली का, सारे तुमाले हासतात. मले नाई पाह्यवत."

मग तिने पेन घेऊन ती ओळ खोडली आणि खाली उत्तर काढलं. वडिलांनी कागद दोनदा उलटून पाहिला आणि दाखला न घेताच तिला घेऊन निघाले. जाताना दहावीच्या पुस्तकांचं विचारून गेले.

मी सरांचं अभिनंदन करायला वळलो, तर ते खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत होते. मला वाईट वाटलं. घरी सगळं ठीक ना, असं मी विचारलं. इतकी वर्षं शेजारी बसून मी त्यांना कधी घरचं विचारलं नव्हतं.

"बायको जाऊन सात वर्स झाले," ते म्हणाले. "मले कोणी हासलं त वाईट वाटणारं कोणी उरलं नाई, असंच धरून चाललो होतो मी."