जावईबापूंनी लावलेली धार

कुठलंही यंत्र माझ्या हाती द्या, सुधारूनच परत मिळेल! हे वाक्य मी केदारखेड्याला, सासुरवाडीत, तुपातले धोंडे खाता खाता फेकलं. अधिकमासात जावई म्हणजे साक्षात देव. देवाला कोण अडवणार?

तेवढ्यात बातमी आली : वादळात शेताच्या वाटेवर बाभूळ आडवी! पलीकडे सासऱ्यांची, म्हणजे भुजंगरावांची, रेशमाच्या कोषांनी भरलेली पिकअप अडकलेली. संध्याकाळच्या आत कोष जालन्याच्या बाजारात गेले नाहीत, तर आतली पाखरं कोष फोडून बाहेर येणार आणि महिन्याभराची मेहनत हवेत उडणार!

मेव्हणा कल्याण लाकूड कापायचं चेनचं कटर घेऊन धावला. पण चेन इतकी बोथट, की बाभळीला नुसत्या गुदगुल्या! मी त्याच्या नावावर मनातल्या मनात 'हलगर्जी' अशी नोंद केली. (मी हिशेबनीस. माणसांचीही खाती ठेवतो.)

"सरका! धार मी लावतो!"

"तुमी कशाला, जावईबापू? कल्याण करंल की," सासरे म्हणाले.

माझ्या बायकोनं, तृप्तीनं, कपाळाला हात लावला. मी ते कौतुक समजलो.

काम मात्र शास्त्रशुद्ध! मशीन बंद, प्लगची टोपी काढलेली, हातात जाड मोजे. गोल कानस एकाच कलानं, आतून बाहेर, प्रत्येक दाताला सारखीच. दात असे चमकले, की टूथपेस्टच्या जाहिरातीत शोभावेत! मग चेन उतरवून पट्टीची खाच साफ केली, चेन परत चढवली, ओढून ताण पाहिला, तेल भरलं, प्लगची टोपी परत बसवली. सगळ्यांना लांब उभं केलं आणि मशीन चालू!

घर्रर्र! धूरच धूर! बाभूळ जागच्या जागी!

"धूर कशाचा वो?" सासूबाईंनी, चतुराबाईंनी, विचारलं.

"नवी धार तापतेय!"

"व्हय व्हय, लई जोरदार धार हाय!" सासरे घाईनं म्हणाले. कल्याण तोंडात रुमाल कोंबून उभा.

"दाजी, तुमी चहा घ्या. मी धरतो मशीन."

"हत्यार सोडून जायचं नाही! सुरक्षा म्हणजे सुरक्षा!" मी मशीन बंद केलं, पट्टीवर झाकण चढवलं आणि ते बगलेत मारून चहा प्यायलो. मग सासूबाईंनी बत्तासे खायला बोलावलं. मशीन मांडीवर. सासऱ्यांनी विहीर दाखवायला नेलं. विहीर मशीननंही पाहिली! काय हे आदरातिथ्य, मला भरून आलं.

अखेर तृप्ती समोर उभी राहिली. "हे कुणी बोलणार न्हाईत, धोंड्याचा जावई ना तुम्ही! अहो, चेन उलटी चढवलीत! दात मागं बघून राह्यले! कल्याणनं तवाच पाह्यलं, पण जावयाला बोलायचं न्हाई म्हणून माझ्या आबांनी दम भरला. गुपचूप पालटावी म्हणून सगळे तुम्हाला उठवून राह्यले, अन् तुम्ही मशीन घेऊन गावभर फिरताय!"

सासरे आभाळाकडे पाहत म्हणाले, "वारं सुटलं वाटतं."

मी प्लगची टोपी काढली, चेन थंड होऊ दिली, पालटली. चेनची दिशा दाखवणारा बाण तर मशीनवरच होता, चांगला बोटाएवढा!

मग बघा! पपई चिरावी तशी बाभूळ चिरली! भुशाऐवजी लांब लांब कपच्या उडाल्या. धार बरोबर लागल्याची हीच खूण. ओंडके बाजूला झाले आणि पिकअप हॉर्न वाजवत सुटली. "दाजी, धार बाकी बिलकुल एक नंबर!" कल्याण मनापासून म्हणाला. मी त्याची नोंद खोडली.

दिवेलागणीला जालन्याहून फोन आला. कोष पोचले, पाखरू एकही नाही! मी पाटावर छाती काढून बसलो. सासूबाईंनी ओवाळायला ताट उचललं.

"आई," कल्याण म्हणाला, "दाजींला उलटं ओवाळ. सुलटं त्यांला उशिरा कळतं!"

आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? दिवसभर दम भरून फिरणारे सासरे!