स्वरूपाच्या गिटारचा गेटपास

स्वरूपा गिटारची तार बदलायला बसली, की तिच्या सासूबाई, कुसुमताई, आधी काचेचे ग्लास आत नेऊन ठेवायच्या. त्या गिटारच्या बुडाशी एक दांडा होता. तो हलवला की सूर थरथरायचा, आणि तार बदलायची म्हटलं की माणूस. तारेच्या टोकाचा पितळी मणी दांड्याखालच्या बारीक खिळीवर अडकवायचा, तार ताणून धरायची आणि वर खुंटी पिळायची. एवढ्यात मणी निसटायचाच. एकदा तर असा सुटला, की समोरच्या गॅलरीतल्या कावळ्याला जाऊन लागला. तेव्हापासून निगडीतला एकही कावळा त्यांच्या खिडकीवर बसत नाही, पितृपंधरवड्यातसुद्धा.

यावर घरात एकच उपाय होता, कुसुमताईंचा अंगठा. स्वरूपा खुंटी पिळायची आणि त्या मणी दाबून धरायच्या. "म्हशी पिळल्या, पोरं वाढवली," त्या म्हणायच्या, "आता ह्यो अंगठा तुझ्या तारंला लावायचा तेवढा राह्यला व्हता."

स्वरूपाच्या नवऱ्याला, सुजितला, हे बघवेना. तो निघोज्याजवळच्या एका पत्राकामाच्या कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होता. हत्तीएवढा साचा चहा निवायच्या आत बदलायचा, अशी त्याची ख्याती.

"माणसाच्या अंगठ्यावर प्रोसेस चालते, ही लाजेची गोष्ट आहे," तो म्हणाला. "उद्या आईचा अंगठा रजेवर गेला तर?"

"मी कुटं जातीया?" कुसुमताई म्हणाल्या.

स्वरूपानं त्याला बजावलं, की शनिवारी ताथवड्याच्या तिच्या इंजिनियरिंग कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, लग्नानंतर पहिल्यांदाच ती स्टेजवर वाजवणार आहे, तेव्हा गिटारला हात लावायचा नाही. सुजितनं हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे खांद्याला लावली आणि कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसला.

कंपनीत साचे-अवजारं बनवणाऱ्या टूलरूमवाल्यांना असलं काम म्हणजे लग्नाचं आवतण. त्यांनी एका जाड लोखंडी टेबलावर खिळीच्या जाडीची एक सळई बसवली. तिच्यावर तारेचं टोक आधीच आकड्यासारखं वळवून घ्यायचं, मग ते खिळीवर चढवायचं, आणि वरून लाल मुठीचा क्लॅम्प मणी दाबून धरायचा. आणि खरंच जमलं की. तार एका हातानं बदलता येऊ लागली, दुसऱ्या हातात वडापाव धरता यायचा. ते यंत्र हलवायला फोर्कलिफ्ट लागायची, पण तेवढ्याकडे कोण बघतो? प्लँट हेडनी स्वतः तार बदलली. मग ती चांगली तार काढून पुन्हा बदलली. अशा सुधारणेला कंपनीत कायझेन म्हणतात. सुजितचा कायझेन राज्यपातळीच्या स्पर्धेला निघाला, आणि कॅन्टीनच्या भिंतीवर त्याचा फोटो लागला. एवढा मोठा, की आमटी वाढणारा बिचारा आधी फोटोलाच वाढायला जायचा.

शनिवारी शिफ्ट सुटल्यावर सुजित गिटार घेऊन गेटवर आला. तिथं सिक्युरिटीचे अर्जुनराव उभे.

"आत आल्याची एन्ट्री कुठाय?"

"एन्ट्री नाही केली. खांद्यावर आणली होती."

"मग ती आत आलेलीच न्हाई. जी आत आली न्हाई ती बाहेर कशी सोडू, साहेब?"

"अर्जुनराव, ही काय माझ्या हातात आहे."

"मला दिसतीय की. सिस्टिमला दिसत न्हाई."

अर्जुनराव माणूस वाईट नव्हता. चहा पाजत त्यांनी समजावलं, की या गेटातून बाहेर जातो तो तयार माल, पण त्याला गिऱ्हाइकाचं मंजूर ड्रॉइंग लागतं. भंगारही जातं, पण तुकडे करून. सप्लायरला परत जाणारा रिजेक्ट माल मात्र कंपनीला घटकाभरही नको असतो, त्याला एन्ट्री न बघता लगेच वाट मिळते.

सुजितनं क्वालिटी खात्यातल्या मिनलकडून रिजेक्ट मालाचा लाल टॅग आणला. सप्लायर म्हणून बायकोचं नाव घातलं. दोष काय, इथं त्याचं पेन अडलं. रंग उडालाय असं लिहू का, त्यानं विचारलं. मिनल म्हणाली, की कंपनीत गिटार तपासायची एकच कसोटी आहे आणि ती तुमच्याच कायझेनमधली आहे. तार निसटते का, एवढंच. निसटते असं लिहिलं तर कायझेन फसला, स्पर्धा गेली. निसटत नाही, तर माल चांगला, आणि चांगला माल परत जात नाही.

तेवढ्यात स्वरूपाचा फोन आला. ती चिडली नव्हती, हेच वाईट होतं.

"गिटार येणार नसेल तर तूही येऊ नकोस," ती म्हणाली.

सुजितनं लिहिलं, 'तार निसटते.' तो बसमध्ये चढेपर्यंत कॅन्टीनमधला फोटो उतरलासुद्धा. त्या कंपनीत एवढ्या वेगानं काही बदललेलं कुणी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी स्वरूपा स्टेजवर गेली. सील मारलेला टॅग काढायला वेळच मिळाला नाही. पुढच्या रांगेतले इंजिनियर तो वाचून हळहळले, मागचे नुसते ऐकत राहिले. शेवटी तिनं दांडा असा हलवला, की ताथवड्यातल्या अर्धवट टॉवरांवरच्या क्रेनसुद्धा डोलल्या. एकही तार निसटली नाही.

सोमवारी नव्या सप्लायरला, म्हणजे स्वरूपाला, क्वालिटीचा मेल आला. आपला माल सदोष निघाला, मूळ कारण आणि कायमचा उपाय कळवावा. सुजित म्हणाला, दुर्लक्ष कर. पण ती लिहून मोकळी झाली.

'मूळ कारण: नवरा. कायमचा उपाय: गिटार यापुढे कंपनीत येणार नाही. नवरा पूर्वीप्रमाणे पाठवत राहू.'

उत्तर जेवणाच्या सुट्टीआधीच मंजूर झालं. खाली मिनलनं एवढंच जोडलं होतं, की नवरा तीन महिने निगराणीखाली ठेवावा आणि सुधारणा दिसली तर कळवावं.