ऐकून घेण्याची सुधारित पद्धत

या रुग्णालयात कोणी कोणाचं ऐकत नाही, असा निष्कर्ष निघाला. तो रुग्णांनी फार पूर्वीच काढला होता. पण त्यांच्याकडे प्रोजेक्टर नव्हता. महाविद्यालयातून पाहणीला आलेल्या विद्यार्थ्यांकडे होता. अधीक्षकांनी निष्कर्ष स्वीकारला आणि सुधारणेचं कामही त्यांच्याकडेच सोपवलं.

विद्यार्थी हुशार होते. ऐकणारा माणूस परत म्हणून दाखवत नाही, म्हणून निरोप वाटेत बिघडतो, असं त्यांना आढळलं. उपाय सोपा होता. समोरचा जे बोलेल ते सौम्य आवाजात परत म्हणायचं, मान डोलवायची, मगच पुढे जायचं. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डातल्या मावशी, पिवळ्या जाकिटातले स्वयंसेवक, सगळ्यांना शिकवलं गेलं. मान किती डोलवावी याचं वेगळं प्रात्यक्षिक झालं. जास्त डोलवली तर तो होकार समजला जातो आणि होकार दिला की काम करावं लागतं, हा धोका विद्यार्थ्यांनी वेळीच ओळखला होता.

पद्धत सुरू झाली त्या दिवशी स्त्रियांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक आजी होत्या. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन, म्हणून आदल्या रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. त्यात शुगर. शेजारी स्टुलावर सून. दुपार कलली तरी न्यायला कोणी येईना.

"काका, ऑपरेशन आहे ना आज?" सुनेने एका पिवळ्या जाकिटाला थांबवलं. "घसा सुकलाय हो यांचा. पाणी देऊ का?"

जाकिटातले निवृत्त गृहस्थ प्रेमाने वाकले. "घसा सुकलाय आणि पाणी द्यावं का, असं तुम्ही विचारताय."

"हो."

"हो, असं तुम्ही म्हणताय." आणि ते समाधानाने पुढच्या खाटेकडे वळले.

मग सिस्टर आल्या. "तुम्हाला काळजी वाटतेय," त्या म्हणाल्या.

"काळजी राहू द्या, त्यांना शुगर आहे!"

"काळजी राहू द्यायची आहे. शुगर आहे." सिस्टरनी मान नेमकी शिकवल्याएवढीच डोलवली.

"अगं, ही माणसं आहेत की विहीर?" आजी पुटपुटल्या. "ओरडावं तेच परत येतंय."

"विहिरीत पाणी तरी असतं, आई," सून म्हणाली आणि उठली. वॉर्डाच्या दारात तिचा आवाज चढला. चढलेला आवाज हा संवादातला अडथळा असल्याने एका विद्यार्थिनीने तिला अदबीने बाजूच्या खोलीत नेलं.

"काकू, तुम्ही आमचं ऐकूनच घेत नाही. मी आत्ता काय म्हणाले, सांगा बरं?"

"अगं बाई, मी पाणी मागतेय!"

"ते तुम्ही म्हणालात. मी काय म्हणाले?"

काकू तिसऱ्यांदा नापास होत असताना तिकडे आजींची शुद्ध हरपली. डॉक्टर धावत आले, शुगर पाहिली, सलाईन लावलं आणि कडाडले, "यांना उपाशी कोणी ठेवलं? ऑपरेशन सकाळीच पुढे ढकललंय. सांगितलं होतं मी!"

खरंच सांगितलं होतं. डॉक्टरांनी सिस्टरना, सिस्टरनी मावशींना, मावशींनी काकांना. प्रत्येकाने शब्द न् शब्द परत म्हणून दाखवला होता. निरोप कुठेही बिघडला नव्हता. तो आजींना सांगायचा आहे, एवढं मात्र कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी विद्यार्थ्यांनी खाटेजवळ येऊन विचारलं, "आजी, इथे तुमचं ऐकून घेतलं गेलं ना?" ग्लानीत आजींची मान उशीवर कलली. ती होकारार्थी धरण्यात आली. प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं, आणि आता पद्धत बाकीच्या वॉर्डांतही सुरू होते आहे.

सुनेचा संताप आपल्याला अगदी पटला असेल. आजींसाठी जीव कळवळला असेल, वाचता वाचता मानही हलली असेल, आणि एवढं झाल्यावर आपल्याला थोडं बरंही वाटलं असेल. रुग्णालयाला अशाच माणसांची गरज आहे. कधीपासून येता?