रिकाम्या पोटाचं वेळापत्रक

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, अमेरिकेत एडिसन मुक्कामी, माझं पोट बंद पडलं. बंद पडलं म्हणजे आत गेलेलं पुढे सरकेना. बरगड्यांखाली एक गोळा ठाण मांडून बसला. ढेकरा अशा यायच्या की सून गिरिजा ऑफिसच्या मीटिंगमध्ये असली की मला त्या गॅरेजमध्ये जाऊन द्याव्या लागत. परतीचं विमान बारा जूनला होतं. पंधरा तास खुर्चीत बसून जायचं होतं, आणि मला सोफ्यावर वीस मिनिटं बसवत नव्हतं.

घरात या प्रकरणाची रीतसर दखल घेतली गेली. मुलगा सौमित्र यानं माझ्या विमा कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकवल्यावर पलीकडच्या बाईनं विचारलं, हा त्रास अमेरिकेत आल्यावर सुरू झाला की आधीपासून होता? त्रास नवा आहे, सौमित्र म्हणाला. आणि पोट? सौमित्र प्रामाणिक आहे. पोट आधीपासून होतं, असं त्यानं सांगितलं. आधीपासून असलेली गोष्ट विम्यात बसत नाही, असं आम्हाला कळवण्यात आलं. पोटाच्या डॉक्टरांची पहिली मोकळी वेळ एकोणीस जूनची मिळाली. म्हणजे मी गावी पोचल्यावर आठवड्यानं माझी इथे तपासणी होणार होती.

तेव्हा गिरिजाच्या ऑफिसमधल्या एका चिनी मैत्रिणीनं हुआंगबाईंचा पत्ता दिला.

हुआंगबाईंचं दुकान रूट सत्तावीसवर, एक नेल सलून आणि एक टॅक्सवाला यांच्या मधे. भिंतभर लाकडी खण, खणाखणात वाळलेला पाला आणि मुळ्या. बाई माझ्याच वयाच्या. त्यांनी माझी जीभ पाहिली, दोन्ही मनगटं तीन-तीन बोटांनी दाबून पाहिली आणि चार शब्द बोलल्या.

"बाबा, त्या म्हणतायत फूड स्टॅग्नेशन," सौमित्र म्हणाला. "म्हणजे आता कसं एक्स्प्लेन करू..."

"तुंबलंय," मी म्हणालो.

एकतीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात पाटकरी होतो. चारीत गाळ बसला की वरून कितीही पाणी सोडा, ते शेवटच्या शेतापर्यंत जात नाही, मधेच बांध फोडतं. त्यावर उपाय एकच. वरचं दार बंद करायचं, पाट कोरडा होऊ द्यायचा, मग गाळ काढायचा. बाईंचा उपायही तोच निघाला. लाल आंबट फळांच्या वाळक्या चकत्या, संत्र्याची साल, मुळ्याचं बी, भाजलेले सातू आणि नावं न कळलेल्या दोन मुळ्या, अशा पुड्या त्यांनी बांधून दिल्या. रोज एक उकळायची. दुपारी तीननंतर काही खायचं नाही. सात वाजता रिकाम्या पोटी काढा घ्यायचा. सलग तीन संध्याकाळी. खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून.

"एवढंच?" सौमित्रनं विचारलं.

"व्हेरी डिफिकल्ट," बाई म्हणाल्या. मला वाटलं, बाई उगाच औषधाला मोठेपणा देतायत.

पहिल्या संध्याकाळी घरभर भिजल्या गोणपाटाचा वास सुटला. पावणेसातला मी काढा घेऊन टेबलाशी बसलो. गिरिजा समोर येऊन बसली.

"बाबा, एवढं स्ट्राँग औषध एम्प्टी स्टमक घेणार?"

"तसंच सांगितलंय."

"हो, पण अगदीच एम्प्टी नको ना. ॲसिडिटी होईल. बेसला थोडा वरणभात घ्या."

"बेसला काही असलं तर ते रिकामं कसं?"

"वरणभात म्हणजे काही जेवण नाही, बाबा. आजारी माणसाला देतात तो."

गिरिजा गुणी मुलगी आहे. तिच्या हातचं कोणी नाकारलं तर ती स्वतः जेवत नाही. एक पोट रिकामं ठेवण्यासाठी दुसरं उपाशी ठेवणं मला बरं वाटलं नाही. मी वरणभात खाल्ला. वर तूप होतं, कारण तुपाशिवाय वरणभात उतरत नाही. संध्याकाळ बाद झाली.

दुसऱ्या दिवशी सौमित्रनं प्रकरण हातात घेतलं. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याचं म्हणणं, गोंधळ झाला कारण 'रिकामं' या शब्दाची व्याख्या कुणी केलेली नाही. त्यानं फ्रिजवरच्या पांढऱ्या फळ्यावर ती केली. पाणी चालेल. ताक चालेल, कारण ते पाण्यासारखं असतं. केळं चालेल, कारण फळ हे खाणं नव्हे. शेंगदाणे एक मूठ. औषधाची कडू चव घालवण्यासाठी राजगिऱ्याचा एक लाडू. या व्याख्येनुसार त्या संध्याकाळी सात वाजता वरचे सर्व पदार्थ आत असताना माझं पोट रिकामं होतं. मी काढा प्यायलो. गोळ्याला सोबत मिळाली.

तिसऱ्या दिवशी इथल्या महाराष्ट्र मंडळाला बातमी कळली.

मनोहरराव हे मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक उपसमितीचे अध्यक्ष. त्यांनी पत्नी लतिकाबाईंना बरोबर आणलं, आणि लतिकाबाईंनी डबा.

"त्र्यंबककाका, तुमचं पोट बिघडलंय कळलं," लतिकाबाई म्हणाल्या. "म्हणून म्हटलं, पचायला हलकं काहीतरी नेऊ."

डब्यात पुरणपोळ्या होत्या.

"हलक्या?" मी विचारलं.

"मैदा नाही हो घातला."

मी मनोहररावांना स्पष्ट सांगितलं की मला न खाणं हेच औषध दिलेलं आहे. त्यांनी माझा हात हातात घेतला. "काका, तुम्ही काही टेन्शन घेऊ नका. मी शीट बनवतो."

इथे कुणी आजारी पडलं की ओळखीची घरं इंटरनेटवर एक यादी करतात आणि पाळीपाळीनं त्या घरी जेवण पोचवतात. बाळंतिणीला, ऑपरेशन झालेल्याला मोठा आधार होतो. पद्धत फार चांगली आहे. तिच्यात एकच त्रुटी आहे. ज्याला खाण्याचाच आजार झाला त्याच्यासाठी वेगळा रकाना नाही. पथ्याचा रकाना मात्र असतो. मनोहररावांनी त्यात माझं म्हणणं प्रामाणिकपणे लिहिलं: रिकामं पोट.

संध्याकाळपर्यंत बावीस घरांनी नावं घातली. प्रत्येकानं पथ्याचा विचार केला होता. कुणी रिकाम्या पोटासाठी दुधीचा हलवा आणला, कारण दुधीत पाणीच असतं. कुणी रिकाम्या पोटाला त्रास नको म्हणून मिसळीची तर्री वेगळी बांधून दिली. रेडमंडहून मनोहररावांच्या मेहुण्यानं फोन करून चौकशी केली की रिकाम्या पोटाला ग्लुटेन चालतं का. ओहायोतल्या डब्लिनहून कुणी कुरिअरनं डिंकाचे लाडू पाठवले. त्या माणसाला मी आजही ओळखत नाही.

मी मनोहररावांना फोन केला. "थांबवा हे."

"काका, कळतंय मला. म्हणूनच मी सगळ्यांना क्वांटिटी कमी ठेवायला सांगितलंय."

"किती कमी?"

"चार माणसांची."

"आम्ही तिघं आहोत."

"मग भेटायला कोणी आलं तर त्याला काय देणार?"

भेटायला तर रोज कोणी ना कोणी येत होतं. आलेला माणूस माझ्याकडे बघत खायचा आणि मी खात नाही म्हणून त्याला घास जायचा नाही. मग मी एक घास खायचो, फक्त त्याचा घास जावा म्हणून.

तेव्हा सौमित्रला एक युक्ती सुचली. उपास. डॉक्टरचं कोणी ऐकत नाही, पण देवाच्या मधे कोणी पडणार नाही. गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. सलग तीन दिवस, अगदी बाईंनी सांगितले तसे. युक्ती सर्वांना इतकी आवडली की यादीतल्या त्या तीन दिवसांच्या जागा सगळ्यात आधी भरल्या आणि वर प्रतीक्षायादी लागली. साबुदाण्याची खिचडी आली. वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी आली. रताळ्याचा कीस आला, बटाट्याचा कीस आला. नाही म्हणायची सोय नव्हती. उपासाचं नाकारणं म्हणजे त्यांचं नव्हे, मारुतीचं नाकारणं. तीन दिवसांच्या कडक उपासात माझं वजन दोन किलोंनी वाढलं.

पुन्हा हुआंगबाईंकडे गेलो. त्यांनी मनगट दाबलं आणि त्यांची बोटं तिथेच थांबली.

"व्हॉट डिड यू ईट?" त्यांनी विचारलं.

"ही वॉज फास्टिंग," सौमित्र म्हणाला.

"येस. व्हॉट डिड यू ईट व्हेन फास्टिंग?"

सौमित्रनं फोनवरची यादी उघडून वाचायला सुरुवात केली. शुक्रवारपाशी बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्या उठल्या, मागच्या खोलीचं दार उघडलं आणि आतली खुर्ची मला दाखवली. पुढचे तीन दिवस दुपारी तीन ते रात्री आठ मी तिथे बसायचं, असा हुकूम झाला.

"तिथे चहा तरी मिळेल ना, बाबा?" गिरिजानं विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

पहिल्या दिवशी सहा वाजता माझ्या पोटात आवाज झाला. हा आवाज मी कित्येक आठवड्यांत ऐकला नव्हता. भूक लागली होती. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भूक वाचली नसती. सातला काढा प्यायलो. गोळा जागचा हलल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. विमानाला आठ दिवस होते, आणि मला एकच संध्याकाळ हवी होती.

तिसऱ्या दिवशी पावणेसातला दुकानाची घंटा वाजली. मागच्या खोलीच्या दारातून मला लतिकाबाई दिसल्या. हातात तीन मजली डबा.

"काका, दोन दिवस तुमची पाळी शीटवर लाल दाखवतेय. हे म्हणाले, जाऊन बघ. गिरिजाकडून पत्ता घेतला." त्यांनी मला पाहिलं. "किती वाळलात हो."

हुआंगबाई त्यांच्या आड उभ्या राहिल्या. "नो फूड. एम्प्टी स्टमक."

लतिकाबाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. पांढरे केस, बारीक मनगटं, दिवसभर दुकानात उभी असलेली म्हातारी बाई. "आंटी," त्या म्हणाल्या, "यू एट?"

इथे हुआंगबाईंच्या हातून चूक झाली. त्यांनी खरं उत्तर दिलं.

"नॉट येट."

डबा उघडला. पुन्हा पुरणपोळ्या. "जस्ट टेस्ट, आंटी." बाईंनी हात जोडले, मान हलवली. "व्हाय? यू नो लाइक?" बाईंनी घाईनं एक घास घेतला. मग लतिकाबाईंनी समजावलं की आमच्यात एकच वाढत नाहीत. मग दुसरी. मग त्यावर तूप. हुआंगबाईंनी तोंड भरलेलं असताना माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती. ती मला स्पष्ट समजली, कारण गेले तीन आठवडे मी तशाच नजरेनं जगाकडे बघत होतो.

पण वाहत्या पाण्याशी झगडून दार बंद होत नाही, हे पाटावर शिकलेलो आहे. दुसरी चारी उघडावी लागते. घड्याळात सात वाजले. मी मान खाली घातली आणि पूर्ण रिकाम्या पोटी काढा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाट मोकळा झाला. जास्त तपशील देत नाही.

आभार मानायला मी मनोहररावांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई एकट्याच राहतात का हो?"

गप्प बसायला हवं होतं. मी हो म्हणालो.

अकरा जूनला निरोप घ्यायला गेलो. हुआंगबाईंच्या दाराला कागद चिकटवलेला होता. गिरिजानं वाचून दाखवला: प्रकृती ठीक नाही, दुकान दोन दिवस बंद. मी काच ठोकली. बऱ्याच वेळानं दार चार बोटं उघडलं. बाईंचा एक हात पोटावर होता.

"नो फूड," त्या म्हणाल्या.

ज्या बाईनं मला बरं केलं, तिच्या दारातून मी रिकाम्या हातानं कसा जाणार? गिरिजानं पहाटे उठून बेसनाचे लाडू केले होते.

"जस्ट टेस्ट," मी म्हणालो.

मनोहररावांनी हुआंगबाईंसाठी केलेल्या यादीत उद्याची जागा अजून मोकळी आहे. मी विमानात असेन. तुम्ही इतका वेळ माझी गोष्ट वाचलीत, आणि मधे कुठेतरी तुमच्याही मनात आलं असणार की म्हाताऱ्यानं दोन घास खाल्ले असते तर काय बिघडलं असतं. म्हणून विचारतो, तुमचं नाव घालू का?